‘मोजून लिवलं का वाकडं दिसते’: नक्कल बंद करण्याच्या एका निर्णयाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे आणि त्यातली मोठी चूकही माझीच आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-सोयाबीनचं. गावाचं, शाळेचं आणि मुलाचं नाव देत नाही. मुलाला अख्खी शाळा ‘पेंटर’ म्हणायची, म्हणून इथेही तो पेंटरच.

पार्श्वभूमी

शाळा अनुदानित, पाचवी ते दहावी. चित्रकलेचा शिक्षक मी एकटा. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तास, पस्तीस मिनिटांचे. त्यातली सात-आठ मिनिटं ‘सर, याने माझा पिवळा घेतला’ यात जातात. तरी आमचं बरं म्हणायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला धडा.

इथे येण्याआधी मी नऊ वर्षं दुसऱ्या एका संस्थेत होतो. तिथे माझ्याकडून अपेक्षा एकच, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचा निकाल. ज्यांचा या परीक्षांशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. राज्याचं कला संचालनालय या दोन रेखाकला परीक्षा घेतं. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी आली तर दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. हे गुण मिळायला लागल्यापासून पालक चित्रकलेच्या सरांनाही नमस्कार घालू लागले.

स्मरणचित्रासाठी आम्ही ठरलेल्या आकृत्या पाठ करून घ्यायचो. पाठमोरी बाई, डोक्यावर टोपलं घेतलेली बाई, सायकलवरचा मुलगा, उकिडवा बसलेला म्हातारा. विषय ‘बाजार’ आला की या चौघांना बाजारात नेऊन बसवायचं, ‘जत्रा’ आली की जत्रेत. एका वर्षी सराव परीक्षेचे बेचाळीस कागद तपासायला घेतले, तर तीच पाठमोरी बाई बेचाळीस वेळा उभी. तिचा डावा कोपर जरा चुकलेला होता. सगळ्यांचा चुकलेला होता, कारण ती मूळ बाई मी काढलेली होती.

त्या उन्हाळ्यात सेवाग्रामला दोन दिवस राहिलो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, निघाली, हे डी.एड., ए.टी.डी. या शिक्षकी पदविका केलेल्या प्रत्येकाने परीक्षेपुरतं घोकलेलं असतं. मला तिथे गेल्यावर कळलं ते एवढंच, की शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून अनेक वर्षं तिथल्या मुलांना चित्रकला शिकवत होते. सूतकताई, शेती, स्वयंपाक करणाऱ्या मुलांच्या दिवसात चित्र होतं, ते चित्रकार घडवायला नव्हे तर मूल घडायला. मी नऊ वर्षांत किती मुलं घडवली त्याचा हिशेब केला तर उत्तर एक पाठमोरी बाई.

तेव्हा या नव्या शाळेत रुजू झालो तो मनात तीन नियम घेऊनच. खोडरबर बंद. पट्टी बंद. नक्कल बंद.

नियम आणि त्याचं पहिलं यश

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पहिल्याच तासाला मी तिन्ही नियम फळ्यावर लिहिले. पाचवी-सहावीत त्यांचा परिणाम पंधरा दिवसांत दिसला. आधी सगळ्या वह्यांत दोन डोंगर, मधून सूर्य आणि नदीकाठी नारळाचं झाड. आमच्या पंचक्रोशीत नारळ फक्त देवळात फोडायला येतो. हळूहळू बाभळी दिसू लागल्या, मग मोटारपंपाची खोली, मग विजेच्या खांबावर चढलेला लाइनमन.

सहावीतल्या एका मुलीने मायचं चित्र काढलं. माय निंदणाला बसलेली आणि तिचं एक पाऊल अख्ख्या धडाएवढं. मी विचारलं, पाय एवढा मोठा कसा गं? ती म्हणाली, “त्याच पायात काटा गेलता ना, सर.” लहान मूल ज्या गोष्टीचं त्याला काही वाटतं ती मोठी काढतं, हे व्हिक्टर लोवेनफेल्ड या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभ्यासकाचं निरीक्षण मी पदविकेत शिकलो होतो. ते समोर कागदावर पाहून मला इतका आनंद झाला की आपली पद्धत बरोबर आहे याबद्दल त्या दिवसापासून शंका घेणंच सोडून दिलं.

लोवेनफेल्डचंच दुसरं निरीक्षण मी सोयीस्कर विसरलो. नऊ-दहा वर्षांनंतर मुलाला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ नाही हे दिसायला लागतं. तिथे त्याला मोकळीक पुरत नाही, कसब हवं असतं. पाचवीचं औषध मी आठवीला पाजत होतो.

अडचण

पेंटर आठवीत होता. सडपातळ, शांत, नखांत कायम कसला तरी रंग. चौकोन आखून कुठलंही चित्र हुबेहूब उतरवण्यात त्याचा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता. सव्वीस जानेवारीच्या रांगोळीतला भारतमातेचा चेहरा त्याचा, शिक्षकदिनाच्या फळ्यावरचे राधाकृष्णन त्याचे. त्याची वर्गातली सगळी पत त्या नकलेवर होती. गणितात तो काठावर पास होणारा, खेळात नाही, भाषणात नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने शेगावच्या गजानन महाराजांचं चित्र आणलं. कॅलेंडरवरून, चार रात्री बसून काढलेलं. पेन्सिलीचं काम खरंच नजर ठरू नये असं. मी ते हातात घेतलं आणि वर्गासमोर म्हणालो, “महाराज तू काढले की कॅलेंडरनं? झेरॉक्सच काढायची तर आपल्या स्टँडवर दुकान आहे, दोन रुपयांत होते.”

वर्ग हसला. मीही हसलो. मला वाटलं होतं, मुद्दा गमतीत पोचला.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव ‘झेरॉक्स’ झालेलं होतं.

त्यानंतर तो तासाला येत राहिला. पण कागदावर आडवी एक रेघ मारायचा, क्षितिजाची असावी, आणि तास संपेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा. मी वहीत ‘प्रयत्न कर’ असा शेरा मारला. पुढच्या तासाला पुन्हा रेघ, पुन्हा शेरा. अशा सहा रेघा आणि सहा शेरे त्या वहीत आहेत. ती वही मी मागून घेतली आणि अजून माझ्याकडे आहे.

एलिमेंटरीच्या अर्जाची वेळ आली तेव्हा त्याने नाव दिलं नाही. शुल्काची अडचण असेल असं समजून मी भरतो म्हणालो. “नाही द्याची, सर,” एवढंच. मी त्याला हट्टी ठरवून मोकळा झालो.

पहिल्यांदा काळजात लागलं ते आठवडी बाजारात. त्याची माय भाजीच्या ढिगाशी भेटली. तक्रार करण्याचा तिचा सूर नव्हता, सांगून टाकावं तसं म्हणाली, “सर, बुधवारी तुमचा तास रायते न, त्या दिवशी पोरगं डबा तसाच वापस आणते. काही बोलत नाही. तुमी थोडं पाहा न बाप्पा.”

मी ‘बघतो’ म्हणालो आणि वांगी घेऊन घरी आलो. बघितलं मात्र तीन आठवड्यांनी, तेही योगायोगाने.

खांदशेकणीची संध्याकाळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. मारोतीच्या पाराजवळ शिंगं रंगवायची गर्दी होती. तिथेच एका बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागच्या फळीपुढे पेंटर मांडी घालून बसला होता. शेजारी त्याचा मामा. मामा तालुक्याच्या गावी बोर्ड रंगवायचा. फ्लेक्सची छपाई आली आणि दुकान बसलं. आता ट्रॅक्टरची ट्रॉली, बंडी, कुठे देवळाची कमान एवढंच उरलेलं. “लाकडाले अन् लोखंडाले फ्लेक्स चिकटत नाही, म्हणून चाललं,” असं मामा म्हणतो.

बंडीच्या मालकाला बैलजोडीची नावं हवी होती. मामाने फळीवर निळीत भिजवलेलं सूत ताणून सोडलं, वरची आणि खालची अशा दोन रेघा उमटल्या. बाकीचं पोराने लिहायचं. पोराने डाव्या हातात एक काठी धरली, तिचं कापड गुंडाळलेलं टोक फळीला टेकवलं, त्या काठीवर उजवं मनगट ठेवलं आणि खडूने हलक्या हाताने ‘सरदार’ मांडलं. मागे सरकला. डोळे बारीक केले. ‘दा’ बोटाने पुसून ‘र’ च्या जवळ ओढला. पुन्हा मागे सरकला. शेवटचा ‘र’ केसभर उजवीकडे नेला. मग इनॅमलचा डबा उघडला.

अक्षरलेखन मी पंधरा वर्षं शिकवतोय. अक्षराला एवढी रुंदी, दोन अक्षरांत एवढं अंतर, पट्टीने आखा, हा माझा जुना धडा. मी विचारलं, “पट्टी नाही घेतली?”

त्याने मान वर केली नाही. “मोजून लिवलं का वाकडं दिसते, सर.”

“मग कसं लिहितोस?”

“डोये बारीक करून पाहाचं. जिथं भोकाड दिसते तिथं अक्षर सरकवाचं.”

मी तिथेच बसलो. तो म्हणत होता ते शब्दशः खरं आहे. देवनागरीत ‘स’, ‘म’, ‘न’, ‘त’ यांना उजवीकडे उभा दंड असतो. ‘र’, ‘द’, ‘ट’, ‘ड’, ‘ह’ यांना तो नसतो. अशा अक्षराच्या उजव्या अंगाला, शिरोरेषेखाली, जागा मोकळी राहते. सगळीकडे पाव इंच सोडला तर ‘सरदार’ मधल्या ‘र’ नंतर खिंडार दिसतं आणि दंडवाली दोन अक्षरं शेजारी आली तर ती एकमेकांवर चढल्यासारखी वाटतात. अंतर सारखं ‘दिसायला’ हवं असेल तर ते सारखं ‘असून’ चालत नाही. हे त्याने कुठून नकलून घेतलं होतं? मामाच्या हातावरून. मामाने पहिले सहा महिने त्याच्याकडून नुसत्या शिरोरेषा मारून घेतल्या होत्या.

ज्याला मी झेरॉक्स म्हणालो होतो त्याच्या हाताला माझ्यापेक्षा बारीक निर्णय घेता येत होता. आणि तो निर्णय नकलेतूनच तयार झालेला होता.

कोणते पर्याय होते

पोळा झाल्यावर शाळा भरली, तेव्हा मी मुख्याध्यापकांशी आणि मराठीच्या बाईंशी बोललो. अर्जांची मुदत निघून गेलेली, त्यामुळे परीक्षा या वर्षापुरती हातची गेली होती.

मराठीच्या बाई म्हणाल्या, त्याला एकट्याला सूट द्या, करू दे नक्कल. सोपं होतं. पण आठवीतल्या मुलाला सूट म्हणजे काय वाटतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ‘झेरॉक्सले परवानगी भेटली’ असं झालं असतं.

मुख्याध्यापकांचा मार्ग व्यवहाराचा. शाळेचं मूल्यांकन जवळ आलेलं, भिंतींवर सुविचार आणि जिल्ह्याचा नकाशा हवा होता. “त्यालेच द्या ना काम. पोराचा हातही सुधरेल, शाळेचा खर्चही वाचेल, अन् पोराले मानही भेटेल.” माझ्या अपराधी मनाला हे एकदम पटलं, आणि इतकं पटलं म्हणूनच मी थांबलो. मान द्यायचा म्हणून फुकट राबवून घ्यायचं, हे त्याच्या मामाच्या धंद्यात सगळं गाव करतंच. ‘देवाचं काम आहे, पैसे काय मागतो’ हे वाक्य मामाने आयुष्यभर ऐकलं आहे.

तिसरा मार्ग, काहीच न करणं. वय आहे, निवेल आपोआप. खरं सांगायचं तर माझ्या अहंकाराचा कल इकडेच होता, कारण यात मला कोणासमोर काही बोलावं लागत नव्हतं.

चौथा म्हणजे नियमच मागे घेणं. त्याची मला भीती वाटत होती. दार उघडलं की पाठमोरी बाई परत येणार, बेचाळीसच्या बेचाळीस.

दोन रात्री विचार केला तेव्हा एक गोष्ट सुटी झाली. मी ‘नक्कल’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. न बघता दुसऱ्याच्या चित्राची रेघ ओढणं ही एक. उस्तादाच्या हाताकडे बघून हात तयार करणं ही दुसरी. आणि समोरच्या वस्तूकडे बघून ती उतरवणं ही तिसरी, जिला आम्हीच वस्तुचित्र म्हणतो आणि गुण देतो. बंदी घालायची तर पहिलीवर, आणि तीही ओरडून नाही.

काय केलं

आधी माफी. बुधवारच्या तासाला उभा राहून म्हणालो की जुलैमध्ये मी एका चित्राबद्दल बोललो ते चुकीचं होतं, ते चित्र चांगलं होतं आणि ‘झेरॉक्स’ हा शब्द माझा होता, तो मी परत घेतो. फार सुंदर वगैरे झालं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. पेंटर बाकाच्या फळीवरची शाई नखाने खरवडत राहिला. त्या तासालाही त्याने रेघच मारली.

मग त्याला एकट्याला गाठून विचारलं, वर्गाला अक्षरं शिकवशील का? “नाही, सर.” थोडं थांबून म्हणाला, “मामाले बोलवा.”

हे मला सुचलं नव्हतं. मामा आले. हातात रंगाचा डबा, सूत, दोन चपटे ब्रश, पायात धुतलेल्या चपला. अर्ध्या दिवसाची मजुरी मी खिशातून दिली, कारण शाळेच्या हिशेबात असा रकाना नाही. वर्गात शिरताना ते दाराशी थबकले आणि मला म्हणाले, “म्या नववीत शाळा सोडली, सर.” मग फळ्यापाशी गेले आणि पाऊण तास कोणी हललं नाही. मुख्याध्यापकांनी पुढचा तास सोडून दिला, हे त्यांचं मोठेपण. सूत मारताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो. मामांनी इकडेतिकडे न बघता हाक मारली, “ये रे.” पेंटर उठला आणि त्याने टोक धरलं. एवढंच. माझ्या माफीने जे झालं नाही ते त्या सुताने केलं.

नंतरचा महिना मुलं गेरूच्या पाण्याने जुन्या वर्तमानपत्रांवर स्वतःचं नाव लिहीत होती. पत्र्याच्या डब्यातलं गेरूचं पाणी, त्यात बुडवलेल्या बाभळीच्या चावलेल्या काड्या. ज्यांच्या नावात ‘र’ आणि ‘द’ होते ते तक्रार करायचे.

नियमही बदलला. आता असा: नक्कल चालेल, पण चित्राखाली लिहायचं, कुठून घेतलं. चोरीला परवानगी, पण पावती द्यायची. पहिल्या आठवड्यात ‘मोबाइलवरून’, ‘बालभारतीच्या पुस्तकातून’, ‘ताईच्या मेंदीतून’ अशा पावत्या आल्या.

दिवाळीनंतर कापसाचं बोंड काढायला दिलं. वेचणी सुरू झाली होती, घरोघरी सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झालेली, प्रत्येकाने शेतातून एक बोंड आणायचं. मी सवयीने फळ्यावर एक बोंड काढून दाखवलं आणि कागद गोळा केले. एकोणीस चित्रांखाली पावती होती, ‘सरांकडून’.

एकोणीस. मी स्टाफरूममध्ये बसून मोजले. पुढच्या तासाला फळा कोरा ठेवला. तीच बोंडं पुन्हा काढायला सांगितली.

पेंटरने पाच वेळा काढलं. पाचव्या कागदावर बोंडाखालची झालरीसारखी कातरलेली तीन पानं आहेत. पऱ्हाटीच्या फुलाला आणि बोंडाला बाहेरून अशी तीनच पानं असतात. वर्गातल्या बहुतेकांनी, आणि आदल्या आठवड्यात मीही, चार-पाच काढली होती. बोंडाचे कप्पे त्याने चार दाखवले, त्यातला एक अर्धवट उघडलेला, त्यातून सरकीचा काळा ठिपका. खाली पावती लिहिली होती, ‘बापूच्या वावरातून’.

भिंतींचं काम अखेर मामांना दिलं, ठरवून, पैसे देऊन. मुलगा चौदाच्या आतला होता, त्याच्या हातावर मजुरी ठेवणं कायद्यालाही धरून नव्हतं आणि मलाही नको होतं. तो रविवारी मामाबरोबर यायचा आणि सूत धरायचा. पैशांवरून शाळा समितीत कुरकुर झाली. रक्कम बाजारभावापेक्षा कमीच ठरली. मामांनी मान्य केली. मला ती अजूनही कमी वाटते.

काय झालं

सगळं सुरळीत झालं असं सांगता येणार नाही. ‘झेरॉक्स’ हे नाव पुसलं गेलं नाही. दहावीच्या निरोप समारंभातही एकाने त्याला तशीच हाक मारली. शिक्षकाने दिलेलं नाव शिक्षकाने परत घेतलं तरी पोरं परत देत नाहीत.

एलिमेंटरी त्याने नववीत दिली, क श्रेणी. स्मरणचित्राला विषय गर्दीचा होता. त्याने एक बंडी मागून काढली, फळीवरचं नाव सुरेख लिहिलं, बैलांची शेपटं काढली आणि वेळ संपली. गर्दी काढलीच नाही. पाठ केलेली पाठमोरी बाई त्याच्याकडे असती तर श्रेणी वाढली असती, हे मला मान्य करावं लागतं. दहावीत इंटरमिजिएटला ब आली, ५ गुण मिळाले. आठवीचं एक वर्ष वाया गेलं नसतं तर तयारीला अजून वेळ मिळाला असता.

तो पुन्हा चित्रं काढू लागला, डबा संपवू लागला, हे त्याच्या मायकडून कळलं. कॅलेंडरवरून आजही काढतो. गजानन महाराजांचं ते चित्र मी मागितलं होतं. त्याने दिलं नाही.

दहावीनंतर त्याने पुढे नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाकडे जावं असं मला फार वाटत होतं. दोनदा घरी गेलो. दुसऱ्या वेळी मायने चहा पुढे केला आणि म्हणाली, “सर, तुमी आले का लेकरू चूप बसते.” मी चहा पिऊन उठलो. त्याने आयटीआयला पेंटरच्या ट्रेडला प्रवेश घेतला. त्यात त्याची निवड किती आणि घरची निकड किती, हे मला सांगता येणार नाही.

माझ्या बाजूला काय बदललं? पहिलीच गोष्ट म्हणजे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ हा शब्द माझ्या वार्षिक नियोजनातून गेला. त्या शब्दात मूल जणू कोरं येतं आणि आपण त्याचा विकास करतो. या पोराच्या हातात माझ्या वर्गात येण्याआधीच सहा महिन्यांच्या शिरोरेषा होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

नियम आधी आणि मुलं नंतर, हा क्रमच उलटा होता. पहिले दोन आठवडे काहीही न ठरवता वह्या पाहिल्या असत्या, प्रत्येकाला घरी कोण काय हाताने करतं हे विचारलं असतं, तर मामाचा पत्ता जुलैतच लागला असता.

एकच धोरण पाचवी आणि आठवीला लावलं, ही दुसरी चूक. काट्याच्या पायाची मुलगी आणि पेंटर यांच्यात दोन इयत्तांचं अंतर होतं, पण चित्राच्या बाबतीत ती दोन वेगळी वयं होती. आता सातवीच्या दिवाळीपासून मी पट्टी, खोडरबर, चौकोन आखणं हे सगळं परत देतो. मागेल त्याला आधीही देतो.

रेघांच्या वहीवर सहा वेळा तोच शेरा मारला. दुसऱ्या रेघेलाच शेजारी जाऊन बसायला हवं होतं. मायचं बाजारातलं बोलणं ऐकून तीन आठवडे काढले, त्याला तर कारणच नाही.

माफी वर्गासमोर मागावी की एकट्यात, याबद्दल आमच्या मराठीच्या बाईंचं आणि माझं अजून जमत नाही. त्यांच्या मते मी त्याला दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर उभं केलं. माझं म्हणणं, अपमान जिथे झाला तिथेच माफी व्हायला हवी. पोराने कधी काही सांगितलं नाही, त्यामुळे निकाल लागत नाही.

यंदा शाळा उघडल्यावर फळ्यावर काही लिहिलं नाही. मुलांना सांगितलं, घरात कोणीतरी हाताने केलेली एक वस्तू आणा. शिंदीची केरसुणी आली, आजीची गोधडी आली, बैलाची घुंगरमाळ, बांबूचं सूप, टाकाऊ पत्र्याची चाळणी. सातवीतला एक मुलगा रिकाम्या हाताने आला. का नाही आणलं विचारलं तर म्हणाला, “माहा बाप बुडलेली मोटार काढते विहिरीतून अन् वायंडिंग करते, सर. ते कसं आणू?” तांब्याच्या तारेचे वेढे एकसारखे कसे पडतात, हे मला माहीत नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचं ठरलं आहे.